उन्हाळी संशोधनासाठी गाइड मिळवताना: कोणती पायरी कधी, आणि मुलं कुठे चुकतात

एप्रिल लागला की आमच्या विभागात मुलं येऊ लागतात. "मॅडम, सुट्टीत रिसर्च करायचाय, कुणीतरी गाइड सांगा ना." मी तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवते. ही मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि तरीही दरवर्षी त्यांना तेच उत्तर द्यावं लागतं: अर्जांच्या तारखा जानेवारी-फेब्रुवारीतच उलटल्या. ज्यांना तारखा ठाऊक असतात त्यांचं घोडं शिफारसपत्रापाशी अडतं, नाहीतर दोनशे जणांना पाठवलेल्या एकाच मेलपाशी. म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून काढते आहे.

बी.एस्सी., एम.एस्सी. आणि इंजिनिअरिंगची मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. इतिहास, भाषा, अर्थशास्त्र यांच्या मुलांसाठी ठरावीक अर्जाचे कार्यक्रम कमी आहेत, पण दुसऱ्या पायरीपासून पुढचं सगळं त्यांनाही लागू पडतं. भांडारकर, डेक्कन कॉलेज किंवा गोखले संस्थेतल्या अभ्यासकाला लिहितानाही तयारी हीच करायची.

पायरी १: दिवाळीच्या आधी तारखांचा कागद करा

मार्गदर्शक मिळायचे रस्ते दोन. एक, अर्ज भरून निवड होणारे कार्यक्रम. दुसरा, प्राध्यापकाला थेट मेल. दोन्हींची तयारी एकदमच सुरू करायची, कारण वाचन तेच लागतं.

अर्जाच्या कार्यक्रमांत पहिलं नाव तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचं. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी मिळून ती चालवतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळतं, विद्यावेतन मिळतं. दुसरं, टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम. पुण्याचं एनसीआरए हे टीआयएफआरचंच केंद्र, त्यामुळे रेडिओ खगोलशास्त्राची वाट तिथून जाते. पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आहे. बेंगळुरूच्या जक्कूरमधलं जेएनसीएएसआर, म्हणजे जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं संशोधन केंद्र, उन्हाळी फेलोशिप देतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा विज्ञान-कार्यक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे, आणि आमच्या भागातल्या मुलांना नेमका तोच माहीत नसतो.

यांचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे ते जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात. नक्की तारीख दरवर्षी बदलते. सप्टेंबरमध्येच एका कागदावर रकाने आखा: कार्यक्रम, पात्रतेचं वर्ष, शेवटची तारीख, शिफारसपत्र लागतं का, निबंध किती शब्दांचा. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून भरा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका, त्यात मागच्या वर्षीच्या तारखा तशाच पुढे सरकवलेल्या असतात.

पात्रतेच्या रकान्यात मुलं हमखास घसरतात. बरेच कार्यक्रम शेवटच्या वर्षाच्या आधीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. "तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की करू" म्हणणाऱ्याचं वय जुळतं, वर्ष जुळत नाही.

तपासा: तुमच्या विद्यापीठाची परीक्षा मे-जूनमध्ये घुसते का? फेलोशिपचे दोन महिने बहुधा तेच असतात. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं काढा. परीक्षा आडवी येत असेल तर ते लपवू नका, अर्जात किंवा मेलमध्ये सरळ लिहा. आधी सांगितलं तर तारीख पुढेमागे करता येते. मधेच "मॅडम, पेपर लागला" म्हणून चार दिवस गायब झालात, तर गटातलं तुमचं काम दुसऱ्याकडे जातं.

सावधान: "रिसर्च मेंटॉरशिप" या नावाने पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती फोनवर सारख्या येतात. वर सांगितलेल्या फेलोशिप विद्यार्थ्याला पैसे देतात. कुणी तुमच्याकडून मागत असेल तर दोन गोष्टी विचारा: मला रोज कोण शिकवणार, त्या व्यक्तीचं काम कुठे वाचायला मिळेल? नाव मिळालं नाही, तर घरच्यांचे पैसे तिथे घालू नका.

पायरी २: विषय अरुंद करा

"मला फिजिक्समध्ये रस आहे" हा विषय झाला नाही. "खगोलशास्त्र" हाही नाही. "पल्सर" (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा) म्हटलंत की माणूस ऐकू लागतो. "पल्सरच्या स्पंदांचा सरासरी आकार कसा काढतात" म्हटलंत की तो खुर्ची पुढे ओढतो.

हे अरुंदीकरण करायला दोन-तीन आठवडे द्या. अभ्यासक्रमातला जो धडा दोनदा वाचावासा वाटला तिथून सुरू करा. मग संस्थेच्या संकेतस्थळावर त्या विषयाचे गट बघा. प्राध्यापकाच्या पानावर जुनी माहिती तशीच पडून असू शकते, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय प्रसिद्ध केलं ते पाहा. दहा वर्षांपूर्वी ते ज्यावर काम करत होते त्याबद्दल लिहिलंत, तर तुम्ही फक्त पान उघडलं होतं हे कळून येतं.

आठ ते दहा नावांची यादी पुरे. त्यातली दोन-तीन तुमच्या जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या विद्यापीठातली असू द्या. मुलं त्यांना हिशेबात धरत नाहीत, आणि माझं मत अगदी उलट आहे. पहिल्या कामासाठी जवळचा गाइड चांगला. आठवड्याला प्रत्यक्ष भेटता येतं, राहण्याचा खर्च वाचतो, सुट्टी संपल्यावरही शनिवारी जाता येतं.

पायरी ३: आधी वाचा, मग हाताने एक लहान काम करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि मुलं नेमकी हीच पायरी गाळतात.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला गेलात तर दुसऱ्या पानावर अडकाल. आधी सारांश, मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, मग निष्कर्ष, मग प्रस्तावना. मधलं गणित शेवटी. भौतिक, गणित आणि संगणकाचे बरेच निबंध अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट असतात. त्याहून सोपी वाट शोधगंगेची. तिथे भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. ज्या गटात जायचंय तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध सापडला तर त्याचं पहिलं प्रकरण वाचा. निबंधात दोन ओळींत उरकलेली गोष्ट तिथे वीस पानांत समजावलेली असते. सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात असाल तर "वन नेशन वन सबस्क्रिप्शन"बद्दल ग्रंथपालांना विचारा. २०२५ च्या जानेवारीपासून ही योजना सुरू आहे आणि पैसे भरून घ्यावी लागणारी बरीच नियतकालिकं त्यात आहेत.

वाचून झालं की हाताने काहीतरी करा. मोठं नको. आमच्याकडच्या एका मुलीला पल्सरवर काम करायचं होतं. तिने पायथनमध्ये कृत्रिम स्पंदांची एक मालिका तयार केली, त्यात गोंगाट मिसळला, आणि मग आवर्तकालाएवढे, म्हणजे दोन स्पंदांमधल्या वेळेएवढे, तुकडे पाडून ते एकावर एक रचले. यालाच घडी घालणं म्हणतात. गोंगाटात बुडालेला स्पंद हळूहळू वर येताना तिने स्क्रीनवर पाहिला. मग आवर्तकाल मुद्दाम किंचित चुकवला, आणि स्पंद पसरट झाला. एवढ्या कामाला तिला चार संध्याकाळी लागल्या. पुढे ती अडली. कमी वारंवारतेचे रेडिओ तरंग आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतात, तो उशीर दुरुस्त करताना तिचं उत्तर काही केल्या जुळेना.

मी तिला सांगितलं, हे अडणं जपून ठेव. मेलमध्ये हेच लिहायचंय.

रसायनशास्त्र, जीवशास्त्राच्या मुलांना घरी प्रयोग करता येत नाही, पण निबंधातल्या एका आलेखावरून आकडे वाचून स्वतः आकडेमोड करता येते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखादी पद्धत लहान प्रमाणात करून बघता येते. इतिहासाची मुलं एखाद्या बखरीचं किंवा ताम्रपटाचं एक पान घेऊन शंका टिपून ठेवू शकतात.

तपासा: आईला किंवा मित्राला हा विषय दोन मिनिटांत मराठीत सांगता येतो का? येत नसेल तर मेल लिहायची वेळ अजून आलेली नाही.

पायरी ४: शिफारसपत्राची व्यवस्था

अकादमींच्या फेलोशिपला तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. इथे तीन चुका होतात.

पहिली, विभागप्रमुखांकडेच धाव घेणं. पद मोठं म्हणून पत्र वजनदार होत नाही. ज्यांनी तुमचं प्रॅक्टिकल घेतलं, ज्यांना तुम्ही वर्गात विचारलेला एखादा प्रश्न आठवतो, त्यांच्याकडे जा.

दुसरी, रिकाम्या हाताने जाणं. शिक्षकांना एक पान लिहून द्या: त्यांच्याकडे कोणता विषय होता, गुण, केलेलं लहान काम, कुठे अर्ज करताय, शेवटची तारीख. शंभर मुलांतून तुम्हाला आठवण्याचं काम त्यांच्यावर सोडू नका.

तिसरी, उशीर. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. शेवटच्या दिवशी रात्री साडेनऊला एका विद्यार्थ्याचा फोन आला, "मॅडम, तुमचं पत्र अजून आलेलं दिसत नाही." लिंक माझ्या स्पॅममध्ये पडली होती. नेट जात-येत होतं आणि बारापर्यंत पत्र चढलं नाही. त्याचा अर्ज अपुरा राहिला. त्याने मला आठवडाभर आधी विचारायला हवं होतं हे खरं, पण लिंक आली का हे मीही बघायला हवं होतं. ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी मुलांना तीन आठवडे आधी यायला सांगते आणि त्यांच्यासमोरच स्पॅम उघडून बघते.

तपासा: शेवटच्या तारखेच्या पाच दिवस आधी शिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. "आठवण करून द्यायला संकोच वाटतो" असं मुलं म्हणतात. आम्हाला आठवण करून दिलेली चालते.

पायरी ५: मेल

पल्सरवाल्या त्या मुलीने आणलेला पहिला मसुदा असा होता: "आदरणीय सर/मॅडम, मला आपल्या नामांकित संस्थेतील संशोधनात अत्यंत रस आहे. आपल्या अमूल्य मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी ही नम्र विनंती." हा मजकूर कुणालाही, कुठेही पाठवता येईल, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. "सर/मॅडम" या तिरप्या रेघेतच कळतं.

मी तिला आधी मराठीत लिहायला लावलं. मेल इंग्रजीतच जाणार होता, पण म्हणायचंय काय हे आपल्या भाषेत आधी ठरलं की इंग्रजीही साधं होतं. तयार झालेला मजकूर असा:

"नमस्कार. मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या गटाचा पल्सरवरचा निबंध वाचला. स्पंदांची घडी घालण्याचं तंत्र समजावं म्हणून मी पायथनमध्ये कृत्रिम स्पंदमालिका तयार केली. आवर्तकाल थोडा चुकला की स्पंद पसरतो, हे सोबतच्या आलेखात दिसतं. वारंवारतेनुसार पडणारा उशीर दुरुस्त करताना मात्र माझं उत्तर चुकतंय. १२ मे ते ५ जुलै मी पूर्ण वेळ येऊ शकते. तुमच्या गटात या विषयावर एखादं लहान काम असेल का? नसेल, तर पुढे काय वाचू, एवढं सांगितलंत तरी मला उपयोग होईल."

निबंधाचं नाव आणि वर्ष नीट लिहा. शेवटचं वाक्य गाळू नका. "नाही" म्हणावं लागलेला माणूसही त्या वाक्याला उत्तर देऊ शकतो, आणि पुष्कळदा तिथूनच ओळख सुरू होते.

बाकीचं पटापट:

- विषयाच्या ओळीत विषय, महिने आणि तुमचं वर्ष. नुसतं "इंटर्नशिप" नको.
- नावाचं स्पेलिंग दोनदा बघा. बाईंना "सर" लिहिलेले मेल अजूनही जातात.
- एका वेळी एकालाच. एकाच संस्थेतल्या चौघांना तोच मजकूर गेला तर जेवणाच्या टेबलावर ते एकमेकांना दाखवतात.
- बायोडेटा एक पान, पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं नाव.
- चॅटजीपीटीने लिहिलेला गुळगुळीत मजकूर पाठवू नका. मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या वाक्यावर बोट ठेवून "हे म्हणजे काय?" असं विचारलं जातं.
- फोन नंबर कुठून तरी मिळवून व्हॉट्सअॅप करू नका.

संगणकाच्या मुलांची वाट थोडी वेगळी. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालतं, आणि तिथे मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांतले अनुभवी लोक मेंटॉर म्हणून मिळतात. तिथे खासगी मेलपेक्षा प्रकल्पाच्या खुल्या चर्चेत प्रश्न विचारायची रीत आहे. अर्ज करण्याआधी एखादा छोटा बग दुरुस्त करून दाखवलेला असावा.

पायरी ६: उत्तराची वाट

दहा-बारा दिवस थांबा. मग त्याच मेलखाली तीन ओळींची आठवण पाठवा, आणि मधल्या काळात केलेलं काही असेल तर जोडा. तिच्या दुसऱ्या मेलमध्ये उशिराची दुरुस्ती जमल्याचा आलेख होता. उत्तर त्याच मेलला आलं. दुसऱ्यांदाही शांतता असेल तर ते नाव यादीतून काढा आणि मन खट्टू करून घेऊ नका. त्यांच्या गटात जागा नसते, ते प्रवासात असतात, तुमचा मेल खाली गेलेला असतो.

दोन ठिकाणांहून होकार आला तर दोन दिवसांत एकाला नम्रपणे नाही कळवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवून बसलात तर तुमच्या मागून येणाऱ्या आपल्याच कॉलेजच्या मुलांची जागा जाते.

तपासा: होकार आला की त्याच आठवड्यात प्राचार्यांकडून बोनाफाइड आणि ना हरकत पत्र घ्या. राहण्याची सोय आणि विद्यावेतन याबद्दल कार्यालयाला स्पष्ट विचारा. पैशाचं विचारलं म्हणून कुणी तुम्हाला कमी लेखत नाही.

पायरी ७: पहिली भेट आणि पहिला आठवडा

वही आणि पेन घेऊन जा. पाच गोष्टी विचारून या: पहिल्या आठवड्यात काय करू, अडलं तर आधी कुणाला विचारू, किती दिवसांनी तुम्हाला दाखवू, नोंदी कुठे ठेवू, प्रयोगशाळेत कोणत्या वेळी थांबायची परवानगी आहे. संध्याकाळी या सगळ्याचं टिपण मेलने पाठवा. चुकीचं समजलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

रोजचं शिकवणं बहुतेक वेळा प्रोफेसर करत नाहीत, गटातले पीएच.डी.चे दादा-ताई करतात. त्यांचा स्वतःचा प्रबंध अडलेला असतो आणि तरी ते तुम्हाला यंत्र दाखवतात. त्यांची वेळ विचारून जा, सांगितलेलं लिहून घ्या, तेच तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

आता आपल्या मुलांबद्दल काळजीने सांगते. खेड्यातून, मराठी माध्यमातून गेलेलं मूल तिथे पहिले दहा दिवस गप्प बसतं. सगळे इंग्रजीत आणि हिंदीत बोलतात, आणि हे मूल समजलं नाही तरी "येस सर" म्हणतं. तिसऱ्या आठवड्यात कळतं की काम चुकीच्या दिशेने गेलंय. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून जा: "मला हे समजलं नाही, पुन्हा एकदा सांगाल का?" ते इंग्रजीत अडखळत म्हणा, हिंदीत म्हणा, समोरचा मराठी असेल तर मराठीत म्हणा. मी पाहिलेल्या एकाही गटात या वाक्यासाठी मुलाला कुणी घालवलं नाही. न समजता केलेल्या कामामुळे मात्र महिना वाया गेलेला पाहिलाय.

सावधान: घरची कामं सांगणं, अवेळी एकटं बोलावणं, अंगचटीला येणं, असलं काही खपवून घेऊ नका. २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत समिती असते. पहिल्याच आठवड्यात तिच्या सदस्यांची नावं बघून ठेवा, आणि आपल्या कॉलेजमधल्या एका शिक्षकाचा नंबर हाताशी असू द्या.

पायरी ८: दर शुक्रवारी पाच ओळी

मार्गदर्शकाने विचारलं नाही तरी दर शुक्रवारी मेल करा. या आठवड्यात काय केलं, काय निघालं, कुठे अडलं, काय करून पाहिलं, सोमवारी काय करणार. काहीच निघालं नसेल तर तसं लिहा. निकाल नाही म्हणून तोंड चुकवणं ही इथली सगळ्यात मोठी चूक आहे. गाइडला न निघालेला निकाल रोजच्या ओळखीचा असतो, गप्प झालेला विद्यार्थी मात्र त्याला कोड्यात टाकतो.

नोंदवहीत तारीख घालून शाईने लिहा. चुकलेलं पान फाडू नका, एक तिरकी रेघ मारा. कोणत्या फाइलवर कोणता प्रोग्राम चालवला, कोणत्या बाटलीतलं रसायन घेतलं, हे त्याच दिवशी टिपा. दोन दिवसांनी आठवत नाही.

पायरी ९: निघताना

शेवटचा आठवडा निघण्याच्या तयारीसाठी मोकळा ठेवा. डेटा, प्रोग्राम आणि आलेख एका फोल्डरमध्ये लावा, आणि त्यात साध्या भाषेतली एक फाइल घाला: कुठे काय आहे, काय चालतं, काय अर्धवट राहिलंय. अहवालाचा मसुदा चार दिवस आधी दाखवा. निबंधात नाव येईल का, हे पहिल्या दिवशी विचारायचं नसतं. शेवटच्या भेटीत "पुढे हे काम प्रसिद्ध होणार असेल तर माझ्याकडून आणखी काय लागेल?" असं विचारता येतं. गटाचा डेटा परवानगीशिवाय पेनड्राइव्हवर घरी आणू नका.

पुढच्या शिफारसपत्राबद्दल तिथे असतानाच विचारून ठेवा. काम ताजं असतं तेव्हा त्यांना लिहायला सोपं जातं.

नंतर नोव्हेंबरमध्ये एक छोटा मेल करा: सध्या काय शिकताय, त्या कामातलं काय उपयोगी पडलं. मघाच्या मुलीने तो केला तेव्हा तिला उत्तरात गटाच्या ऑनलाइन चर्चेची लिंक आली. आता दर बुधवारी दुपारी ती आमच्या विभागाच्या कोपऱ्यातल्या संगणकावर ती चर्चा ऐकते, आणि पहिल्या वर्षाची दोन मुलं तिच्या मागे स्टूल ओढून बसतात.